गव्हाच्या मुलखातली दवाखान्याची लढाई



उसाचं बिल हातात पडतं, सोसायटीचं देणं वजा होतं आणि उरलेल्या पैशावर आपण वर्षाचे बेत आखतो. पण घरात एक मोठं आजारपण शिरलं की सगळे बेत कोलमडतात. म्हणून आरोग्यव्यवस्था कशी असावी, तिचा पैसा कुणी भरावा, हा वाद नुसता शहरातल्या विद्वानांचा नव्हे, तो आपलाही आहे. शेतकऱ्यांनीच हा वाद उभा केला आणि शेवटास नेला, असा एक मुलूख जगाच्या पाठीवर आहे. त्याची हकिकत सभासदांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटले.

कॅनडाच्या पश्चिम भागात सस्कॅचेवान नावाचा प्रांत आहे. पीक मुख्यतः गव्हाचं, वस्ती विरळ, हिवाळा बर्फाचा. १९२४ साली तिथल्या शेतकऱ्यांनी गहू विकण्यासाठी स्वतःचा सहकारी संघ काढला. म्हणजे माणसं आपल्याच जातकुळीची.

अशा मुलखात डॉक्टर टिकायचा कसा? १९१४-१५ च्या सुमारास सार्निया नावाच्या ग्रामीण भागातला डॉक्टर निघून जाण्याच्या बेतात होता. तेव्हा तिथल्या स्थानिक मंडळाने त्याला वर्षाला दीड हजार डॉलर देऊन ठेवून घेतलं. पुढे अशा कामासाठी कर बसवायला कायद्यानेच मुभा दिली. १९३० नंतर दुष्काळ आणि मंदी एकदमच आली. लोकांकडे डॉक्टरला द्यायला पैसा नाही आणि डॉक्टरला पोट भरायला रोगी नाहीत, अशी दोघांचीही गत झाली. तेव्हा हा गावकीचा डॉक्टरच उपयोगी पडला.

१९४४ च्या निवडणुकीत शेतकरी-कामकऱ्यांचा सी.सी.एफ. पक्ष निवडून आला. मुख्यमंत्री झाले टॉमी डग्लस. लहानपणी त्यांच्या पायाचं हाड सडलं होतं. घरी पैसा नव्हता, पाय कापायची वेळ आली होती. एका मोठ्या सर्जनने फुकट उपचार केले म्हणून पाय वाचला. आपला पाय नशिबाने वाचला, तसं दुसऱ्याला नशिबावर सोडून चालणार नाही, ही गाठ त्यांनी मनाशी बांधली.

पण त्यांनी एका दमात सगळं केलं नाही. १९४६ साली स्विफ्ट करंट या एकाच विभागात, लोकांचं मत घेऊन, सर्वांसाठी डॉक्टरी सेवा सुरू झाली. १९४७ साली प्रांतभर इस्पितळाच्या खर्चाचा विमा आला, माणशी वर्षाला पाच डॉलर. डॉक्टरच्या फीचा प्रश्न मात्र पुढे ठेवला. आधी तिजोरी सावरली, मग हात घातला.

१९६० ची निवडणूक याच प्रश्नावर लढली गेली. डॉक्टरांच्या संघटनेने वर्गणी काढून विरोधी प्रचार केला. ‘सरकारी माणूस तुमच्या आणि डॉक्टरच्या मध्ये येईल’, ‘डॉक्टर प्रांत सोडून जातील’, असं लोकांना सांगितलं गेलं. सी.सी.एफ. जिंकला, पण मतं पडली शेकडा ४१ च्या आसपास. सरकार म्हणे, कौल मिळाला. डॉक्टर म्हणत, निम्म्याहून जास्त लोक तुमच्या बाजूला नाहीत. दोघांचंही बोलणं आकड्याला धरून होतं. १९६१ च्या अखेरीस कायदा झाला. तोवर डग्लस देशाच्या राजकारणात गेले होते आणि वुड्रो लॉइड मुख्यमंत्री झाले होते. जून १९६२ मध्ये डग्लस देशाच्या संसदेसाठी रेजायना या प्रांताच्या राजधानीतून उभे राहिले आणि तिथेच पडले!

१ जुलै १९६२ रोजी योजना सुरू झाली आणि त्याच दिवशी बहुतेक डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. तातडीचे रोगी पाहायला काही इस्पितळं तेवढी चालू. पहिल्याच दिवशी डॉक्टर शोधत मोटारीने फिरणाऱ्या आईबापांचं नऊ महिन्यांचं बाळ दगावलं. राजकारण कुणाचंही असो, किंमत कोण मोजतं ते इथे दिसलं.

‘आमचे डॉक्टर राखा’ अशा समित्या गावोगाव निघाल्या. वर्तमानपत्रं बहुतेक सरकारविरोधी. ११ जुलैला रेजायनाला विधानसभेवर मोर्चा ठरला. चाळीस हजार लोक येतील असा बोलबाला होता, आले चार-पाच हजार. इकडे सॅस्काटूनसारख्या ठिकाणी लोकांनी भाग गोळा करून सहकारी दवाखाने उघडले. ब्रिटनहून डॉक्टर आले. आवाज एकीकडे होता, पण घराघरातलं मत हळूहळू दुसरीकडे वळत होतं.

अखेर ब्रिटनचे लॉर्ड टेलर मध्यस्थीला आले. ते स्वतः डॉक्टर. सरकारशी आणि डॉक्टरांशी वेगवेगळं बोलून त्यांनी २३ जुलैला सॅस्काटून इथे समझोता घडवला. योजना सर्वांसाठी राहिली, पैसा सरकारी तिजोरीतूनच येणार हेही राहिलं. पण डॉक्टर पगारी नोकर होणार नाहीत, केलेल्या कामाची फी घेतील आणि हवं तर योजनेबाहेरही राहतील, हे सरकारने मान्य केलं. डॉक्टरांची भीती अगदीच खोटी नव्हती. तिला कागदावर उत्तर मिळालं तेव्हाच दवाखाने उघडले.

खरी गंमत पुढे आहे. १९६४ च्या निवडणुकीत हे सरकार पडलं. विरोधात असलेला लिबरल पक्ष सत्तेवर आला, पण त्याने योजना मोडली नाही. मोडणार कशी? दोन वर्षांत लोकांनी तिचा अनुभव घेतला होता. १९६८ साली त्याच सरकारने डॉक्टरकडे जाताना दीड डॉलर भरण्याची अट घातली. १९७१ साली लोकांनी ते सरकार घालवलं आणि नव्या सरकारने अट काढून टाकली. दरम्यान १९६६ साली कॅनडाच्या संसदेने देशभरासाठी कायदा केला आणि १९७२ पर्यंत सगळे प्रांत त्यात आले. २००४ साली दूरदर्शनवरच्या एका स्पर्धेत कॅनडाच्या लोकांनी सर्वांत थोर देशबांधव म्हणून डग्लस यांना मत दिलं. तिथे आजही तज्ज्ञ डॉक्टरसाठी बरेच दिवस थांबावं लागतं आणि त्यावरून भांडणं होतात. पण ती भांडणं व्यवस्था सुधारण्याची आहेत. बिलापायी घरदार विकण्याच्या दिवसांकडे परत जा म्हणणारे थोडे.

असाच प्रसंग आपल्या देशातही येऊन गेला. मार्च २०२३ मध्ये राजस्थानने आरोग्य हक्काचा कायदा केला, खाजगी डॉक्टरांनी दवाखाने बंद ठेवले आणि एप्रिलच्या सुरुवातीला तडजोड झाली. महाराष्ट्रातही हा विषय आज ना उद्या येणारच.

आला, म्हणजे आपण काय करावं? आमचं म्हणणं एवढंच की मोर्चाच्या गर्दीवरून किंवा भाषणाच्या टाळ्यांवरून मत बनवू नये. पैसा कुणाचा, हिशेब कोण तपासणार, वाडीवस्तीवर डॉक्टर येणार का आणि डॉक्टरच्या रास्त अडचणीला उत्तर काय, हे चार प्रश्न ज्याला त्याला विचारावेत, मग तो कुठल्याही पक्षाचा असो. सस्कॅचेवानच्या शेतकऱ्याने हेच केलं. त्याला हे जमलं, कारण सरकारच्या आधी तीस वर्षं त्याने स्वतःची वर्गणी घालून गावात डॉक्टर ठेवून पाहिला होता. कारखाना आपण भाग घालूनच उभा केला. वर्गणीची ताकद आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको.