अनोळखी वळणांवरचा सराव

श्रावण लागला की स्मरणिकेच्या संपादकांचा दूरध्वनी येतो, हे आता ठरूनच गेले आहे. आजवर या पानांतून मी कधी लसीकरणावर, कधी मुलांच्या आहारावर, तर कधी परीक्षेच्या ताणावर लिहीत आलो. यंदा त्यांनी ‘मुले आणि पडदा’ हा विषय सुचवला, तेव्हा मी म्हटले, “या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार अलीकडे जरा डळमळीत झाला आहे.” कारण असे की, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, रात्रीचा राउंड आटोपल्यावर, मी आमच्या इंदूरच्या घरातील वरच्या खोलीत संगणकासमोर बसून मोटारींच्या शर्यती खेळतो. ‘खेळतो’ हा शब्द माझ्या मुलाला मान्य नाही. तो म्हणतो, “बाबा, तुम्ही सराव करता.”

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेबलाला खरे स्टिअरिंग घट्ट बसवलेले असते, पायाशी ब्रेक व अ‍ॅक्सिलरेटरची पेडल असतात. स्टिअरिंगच्या आत एक मोटर असते. पुढच्या चाकांवर जेवढा जोर येतो तेवढा ती हाताला जाणवून देते. चाके घसरू लागली की स्टिअरिंग एकदम हलके पडते. पडद्यावरचे मार्ग कल्पनेतले नसतात. यातील नावाजलेल्या प्रणालींमध्ये खऱ्या सर्किटांचे लेसरने मोजमाप करून रस्त्याचा प्रत्येक उंचवटा आणि खड्डा उतरवलेला असतो. उणीव आहे ती एकाच गोष्टीची. गाडी वळते, पण शरीर जागच्या जागी राहते. डोळे सांगतात ‘वळलो’ आणि अंतःकर्ण सांगतो ‘बसलेलाच आहेस’. पहिल्या आठवड्यात मला जी मळमळ झाली ती घाटात उलट्या करणाऱ्या माझ्या बालरुग्णांसारखीच होती, फक्त कारण नेमके उलटे. पुस्तकात डोळे खुपसून बसलेल्या मुलाला गती जाणवते पण दिसत नाही. मला ती दिसत होती, जाणवत नव्हती.

हे स्टिअरिंग माझ्या मुलाचे. आजोबांनी दिलेल्या पैशांतून त्याने ते घेतले होते. बारावीच्या वर्षी, सहामाहीचे गुण पाहिल्यावर, मी ते काढून माळ्यावर टाकले. तेव्हा तो एवढेच म्हणाला होता, “बाबा, एकदा बसून तरी पाहा.” मी बसलो नाही. पालकांना ‘मुलाच्या आवडीत थोडे डोकावा’ असा सल्ला दिवसातून चारदा देणारा मनुष्य घरात मात्र डोकावला नाही. पुढे तो पुण्याला अभियांत्रिकी शिकला आणि नोकरीसाठी जर्मनीला गेला. आमचे दूरध्वनीवरील संभाषण ‘जेवलास का’ आणि ‘तिकडे थंडी किती’ यांपलीकडे फारसे जात नसे. गेल्या वर्षी दिवाळीची साफसफाई करताना ते खोके हाती लागले आणि मी त्याला विचारले, “हे जोडायचे कसे?” पलीकडे बराच वेळ शांतता होती.

नवशिक्याला शोभेल अशी चूक मी पहिल्याच रात्री केली. नाव ऐकलेले होते म्हणून जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगचा जुना, २०.८ किलोमीटरचा, डोंगरातला मार्ग निवडला आणि तिसऱ्या-चौथ्या वळणाला कठड्यावर आदळलो. असे आठवडाभर चालले. मुलाने माझी हकिगत ऐकून घेतली आणि म्हणाला, “बाबा, हिशोब करा. तिथे आपल्या छोट्या गाडीला एका फेरीला नऊ-दहा मिनिटे लागतात. तासाभरात एक वळण तुम्हाला सहा वेळा भेटणार. पुन्हा भेटेपर्यंत मागच्या वेळी काय चुकले ते विसरलेले असणार.” मग त्याने मला एक नाव दिले, जे मी कधीच ऐकले नव्हते: लाइम रॉक.

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्याच्या वायव्य टोकाला, टेकड्यांच्या कुशीत, एका जुन्या खडीच्या खाणीच्या जागेवर १९५७ मध्ये हे सर्किट सुरू झाले. लांबी जेमतेम अडीच किलोमीटर, वळणे सात. मोठ्या प्रेक्षागृहांचा थाट येथे नाही. लोक गवताच्या उतारावर सतरंजी टाकून शर्यत पाहतात. समोरच चर्च आहे. शेजाऱ्यांनी न्यायालयात जाऊन १९५९ मध्ये रविवारच्या शर्यतींना मनाई मिळवली आणि तो दंडक तेथे पाळला जातो. सुप्रसिद्ध अभिनेते पॉल न्यूमन त्याच राज्यात राहत आणि येथे गाडी पळवीत. फॉर्म्युला वन मात्र येथे कधी आली नाही, त्यामुळे आपल्याकडे हे नाव पोहोचण्याचे कारण नव्हते.

छोट्या दोन आसनी गाडीला येथे एका फेरीला साधारण एक मिनिट लागते. म्हणजे तेच वळण दर मिनिटाला समोर येते, आधीची चूक हातात ताजी असतानाच. शिवाय अनोळखी मार्गाचा आणखी एक फायदा मला नंतर कळला. प्रसिद्ध सर्किटावर आपण दूरदर्शनवर पाहिलेल्या कोणा विजेत्याची नक्कल करू पाहतो. लाइम रॉकवर माझ्या डोळ्यांसमोर कोणीच नव्हते, त्यामुळे रस्त्याकडेच पाहावे लागले.

येथले पहिले वळण ‘बिग बेंड’. सरळ रस्त्यावरून भरधाव यायचे आणि लांबलचक उजव्या वळणात शिरायचे. मी काय करीत होतो? ब्रेक जोरात दाबायचा, गाडी हळू झालीशी वाटली की पाय झटकन उचलायचा आणि मग स्टिअरिंग वळवायचे. गाडी वळतच नसे. नाक बाहेर काढून ती गवताकडे निघे. कारण साधे आहे. ब्रेक दाबला की गाडीचे वजन पुढच्या चाकांवर झुकते आणि त्यांची पकड वाढते. पाय झटक्याने उचलला की ते वजन मागे जाते, नेमके तेव्हा, जेव्हा पुढच्या चाकांना त्याची गरज असते. म्हणून ब्रेक एकदम सोडायचा नसतो. वळणात शिरता शिरता, स्टिअरिंग जसजसे वळेल तसतसा, हळूहळू सोडत न्यायचा असतो. टायरची पकड ही मध्यमवर्गीय घरातल्या पगारासारखी ठराविक असते. ती सगळी ब्रेकवर उधळली तर वळण्यासाठी काही उरत नाही. आणि वळणात खर्चायची तर ब्रेकवरचा खर्च आवरता घ्यावा लागतो. हे समजायला पाच मिनिटे लागली. पायाला समजायला सव्वा महिना लागला.

या सव्वा महिन्यात मुलाने मला दुसऱ्या सर्किटावर जाऊ दिले नाही. प्रत्येक फेरीची नोंद संगणक ठेवतो: ब्रेक केव्हा, किती, स्टिअरिंग किती अंशांत. ईसीजीच्या पट्टीसारखा तो आलेख मी रात्री त्याला पाठवी आणि सकाळी त्याचे उत्तर येई. उत्तरात नेहमी एकच सूचना असे. एके दिवशी मी चिडून लिहिले, “माझ्या दहा चुका दिसत असतील, त्या सगळ्या सांग की.” त्यावर उत्तर आले, “दहा दिसतात. आज ब्रेक सोडण्याचीच पाहा.”

त्या वाक्यापाशी मी थांबलो. तीस वर्षे मी निवासी डॉक्टरांना शिकवतो आहे. नवजात बाळाची शीर शोधून कॅन्युला घालणे, हेही हाताचेच काम. थरथरत्या हातांच्या मुलीमागे उभे राहून मी एका दमात काय काय सांगत आलो: कोन कमी कर, कातडी ताण, घाई नको, अगं बाळाकडे बघ, प्रकाश इकडे घे. ती मुलगी त्यातले काय ऐकू शकत असेल? माझ्या पायाला एका वेळी एकच गोष्ट शिकता येते, हे मला छप्पन्नाव्या वर्षी कळले. आता मी एकच सूचना देतो आणि गप्प राहतो. गप्प राहणे जास्त अवघड आहे.

लाइम रॉकवर एकूण एकच डावे वळण आहे; बाकी सारी उजवी. तेव्हा डाव्या हाताची हलगर्जी खपून जाते. ती उघडी पाडण्यासाठी पुढे मला इटलीतील मजोने येथे पाठवण्यात आले. उंब्रिया प्रांतात, त्रासिमेनो सरोवराजवळ, अडीच किलोमीटरचे हे सर्किट. इटालियन लोकांच्या तोंडीदेखील मोंझा किंवा मुजेलोचे नाव आधी येईल. पण ‘असेत्तो कोर्सा’ ही प्रणाली तयार करणारी मंडळीही इटलीतलीच, रोमजवळच्या वालेलुंगा सर्किटाच्या आवारात बसणारी. त्यांनी आपल्या देशाचे हे लहान सर्किटही त्यात घेतले. संथ, घट्ट वळणे. येथे वेगाची नशा चढत नाही. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय लवकर पडला की मागची चाके घसरून गाडी गर्रकन फिरते. उतावळेपणाला एवढी ताबडतोब शिक्षा मी शाळेतही पाहिली नव्हती.

नंतर जपानमधील इबाराकी प्रांतातले त्सुकुबा. १९७० चे, २,०४५ मीटरचे. जपानी मोटार-नियतकालिके आणि चित्रफिती गाड्यांची तुलना वर्षानुवर्षे याच मार्गावरच्या वेळेने करीत आल्या, म्हणून जाणकारांत त्याला मान आहे. बाहेर कोणाला त्याचे फारसे नाव नाही. त्याचे शेवटचे लांब उजवे वळण म्हणजे संयमाची परीक्षा. स्टिअरिंग एकाच कोनात धरून, पायाने मिलिमीटरचा हिशोब करीत थांबायचे.

आणि इंग्लंडमधील चेशायर परगण्यातील ओल्टन पार्क. माझे सर्वात आवडते. एका जुन्या जहागिरीच्या उपवनात १९५३ मध्ये हे सर्किट झाले. तेथला वाडा १९२६ मध्येच आगीत जळाला होता. ४.३ किलोमीटरचा हा रस्ता झाडांतून, तळ्याकाठून, चढउतार घेत जातो. ‘कॅस्केड्स’ हे डावे वळण उतारावर आहे. पुढचा रस्ता डोळ्यांना दिसण्याआधीच गाडी वळवावी लागते, आणि उतारामुळे ब्रेकचा अंदाज हटकून चुकतो. सपाट मार्गांवर कमावलेला सगळा आत्मविश्वास येथे पहिल्या दहा फेऱ्यांत मी गवतावर सोडून आलो.

चारही मार्ग अंगवळणी पडू लागले तेव्हा मुलाने नवाच नियम काढला: रोज प्रत्येकावर फक्त सात फेऱ्या, आणि क्रमही रोज वेगळा. माझ्या वेळा सगळीकडे बिघडल्या. मी कुरकुरलो, आणि मग आठवले की हे तर आपण कुठेतरी वाचले आहे. शी व मॉर्गन या संशोधकांचा १९७९ मधील प्रयोग: हाताच्या हालचालींची तीन कामे काहींनी एकेक करून घोटली, काहींनी मिसळून. मिसळून करणारे सरावात मागे पडले, पण काही दिवसांनी पुन्हा पाहिले तेव्हा त्यांनाच ती अधिक चांगली येत होती. मी हा संदर्भ मुलाला मोठ्या रुबाबात कळवला. तो म्हणाला, “मला माहीत होतं. तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो.”

आपल्याकडे काय, असे कोणी विचारील. इंदूरकरांना पीथमपूरच्या चाचणी केंद्राचा अभिमान आहे आणि तो योग्यच आहे. जून २०२१ मध्ये सुरू झालेला तेथला ११.३ किलोमीटरचा वेगवान मार्ग आशियात सर्वात लांब म्हणून ओळखला गेला. पण तो वाहनांच्या चाचणीसाठी. वळणावर ब्रेक सोडण्याची कला तेथे शिकायची नसते. ती शिकायची तर कोइंबतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेसारखी जागा हवी. एस. करिवर्धन यांचे नाव मिरवणारे, दोन-सव्वादोन किलोमीटरचे ते सर्किट आपल्या देशातल्या किती शिकाऊ चालकांची पाटी-पेन्सिल ठरले असेल! दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटाचे नाव सर्वांना ठाऊक आहे, कारण तेथे २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वन झाली. करीचे नाव आमच्या क्लबात मी विचारले तर चौदा डॉक्टरांपैकी एकालाही माहीत नव्हते.

पालक वाचकांसाठी एक खुलासा करणे मला भाग आहे, नाहीतर उद्या ओपीडीत हाच अंक माझ्यापुढे आपटला जाईल. दोन वर्षांखालील मुलाला पडदा नको आणि दोन ते पाच वर्षांपर्यंत तासाभराहून अधिक नको, हे भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०२१ चे मार्गदर्शन मी आजही तितक्याच ठामपणे सांगतो. खेळाचे व्यसन हा विकार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात जानेवारी २०२२ पासून लागू आहे, आणि तशी मुले मी पाहतो. मी स्वतःला चाळीस मिनिटांची मर्यादा घातली आहे. सौभाग्यवती खालून घड्याळ पाहत असते. पण बारावीच्या मुलाचे साहित्य माळ्यावर टाकण्यापूर्वी एकदा त्या खुर्चीत बसून पाहा, एवढे मी अलीकडे पालकांना सांगू लागलो आहे. का, ते सांगत नाही.

परवा रात्री ओल्टन पार्कच्या ‘ड्रुइड्स’ या दुहेरी उजव्या वळणात मी पहिल्यांदा ब्रेक न चाचपडता सोडला. आलेख पाठवला. मुलाच्या वेळेपासून मी सुरुवातीला अकरा सेकंद मागे होतो, आता चार सेकंद आहे. सकाळी उत्तर आले: “ड्रुइड्स छान. आजपासून लॉज कॉर्नर पाहा. आणि दिवाळीला येतोय, ते स्टिअरिंग माळ्यावर टाकू नका.”