चाक निखळले तरी विमान उडतच असते

६ मे २०२१. करोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. नागपूरहून रुग्णाला घेऊन निघालेल्या एका एअर ॲम्ब्युलन्सचे चाक उड्डाणाच्या वेळीच निखळून पडले. बीचक्राफ्ट सी-९० जातीचे हे दोन इंजिनांचे छोटे विमान. आत रुग्णासह पाच जण. विमान मुंबईकडे वळवण्यात आले. रात्री तिथल्या धावपट्टीवर फेस पसरण्यात आला आणि विमान चाकांविना, चक्क पोटावर उतरले. पाचही जण सुखरूप बाहेर आले.

अशा बातमीला आपण चमत्कार म्हणतो. पण या बिघाडाचा स्वभाव समजून घेतला, तर त्यात चमत्कारापेक्षा शिस्तीचा वाटा मोठा असल्याचे लक्षात येते. एकच इंजिन असलेल्या विमानात ते बंद पडले, तर वैमानिकाच्या हाती काही मिनिटेच उरतात. आग लागली तर तेवढीही नाहीत. चाकांचा बिघाड मात्र बहुतेक वेळा सवड देतो. चाके अडकली तरी पंख, इंजिन आणि सुकाणू शाबूत असतात. टाकीत इंधन आहे तोवर विचार करता येतो.

प्रशिक्षणात वापरल्या जाणाऱ्या सेस्ना १५२ किंवा १७२ सारख्या विमानांची चाके सहसा कायम बाहेरच असतात. वेगवान विमानांत मात्र ती आत ओढून घेतात, म्हणजे हवेचा अडथळा कमी होतो. हे काम विजेची मोटर किंवा दाबाखालचे तेल करते. चाके खाली येऊन पक्की अडकली की वैमानिकासमोर तीन हिरवे दिवे लागतात, प्रत्येक चाकासाठी एक. एखादा दिवा लागला नाही, तर पहिला प्रश्न असतो तो दिव्याचाच. चाक आले नाही की नुसता बल्ब गेला आहे?

म्हणून वैमानिक उतरण्याचा बेत सोडून पुन्हा वर जातो, सुरक्षित उंची गाठतो आणि चेकलिस्ट उघडतो. बल्ब, फ्यूज, तेलाचा दाब एकेक करून तपासतो. मुख्य यंत्रणा चालत नसेल तर पर्यायी असते. काही विमानांत हाताने दांडा फिरवून वा पंप मारून चाके उतरवता येतात. काहींत कुलूप सोडले की ती स्वतःच्या वजनाने खाली पडतात. नियंत्रण कक्षाजवळून सावकाश जात ‘चाके दिसतात का?’ असेही विचारता येते. मात्र खाली उभा असलेला माणूस चाक बाहेर आले आहे एवढेच सांगू शकतो. ते पक्के बसले आहे की नाही, हे त्याला दिसत नाही.

एवढे करूनही एकाच बाजूचे चाक उतरले, तर अनेकदा तेही आत घेऊन पोटावर उतरणे बरे ठरते. एका बाजूला चाक आणि दुसऱ्या बाजूला टेकलेला पंख असेल, तर विमान गर्रकन फिरून धावपट्टीबाहेर जाऊ शकते. पोटावर ते सरळ घसरत जाते. मऊ माती सुरक्षित वाटते, पण तीत विमानाचे नाक रुतून ते उलटण्याची भीती असते. म्हणून शक्यतो लांब, पक्की धावपट्टीच निवडतात.

आधी घिरट्या घालून इंधन कमी करतात, त्यामागे साधे विज्ञान आहे. जळायला इंधन कमी उरते आणि हलके विमान कमी वेगाने उतरू शकते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग दहा टक्के घटला तर ऊर्जा सुमारे एकोणीस टक्के घटते. तेवढे घर्षण कमी, ठिणग्या कमी, धक्काही कमी. जमिनीवर आदळून पंख्याची पाती वाकणार हे ठरलेलेच असते. ती वाचवण्यासाठी इंजिन आधीच बंद करण्याचा मोह मात्र घातक ठरतो, कारण अंदाज चुकला तर पुन्हा वर जाण्याची वाटच उरत नाही. विमान दुरुस्त होते किंवा विम्यात भरून निघते. माणसाचे तसे नाही.

या बिघाडात खरा धोका वेगळाच आहे: सगळे लक्ष चाकांवर खिळणे. २९ डिसेंबर १९७२ रोजी अमेरिकेत मायामीजवळ ईस्टर्न एअरलाइन्सच्या मोठ्या प्रवासी विमानात पुढच्या चाकाचा दिवा लागला नाही. कर्मचारी त्या दिव्यात गुंतले; स्वयंचलित नियंत्रण सुटून विमान हळूहळू खाली येत आहे, हे वेळेत कुणाच्या ध्यानात आले नाही. १०१ जणांचा जीव गेला. चाक व्यवस्थित होते. बल्ब जळालेला होता. २८ डिसेंबर १९७८ रोजी पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचे विमान चाकांचा घोळ निस्तरत तासभर घिरट्या घालत राहिले आणि इंधन संपून कोसळले. दहा जण दगावले. इंधन कमी होत असल्याचे सहकाऱ्यांनी बोलून दाखवले होते. पण कॅप्टनला थांबवेल इतक्या ठामपणे नाही.

ताणाखाली माणसाची नजर अरुंद होते, हा शरीराचाच धर्म आहे. म्हणून वैमानिकांना क्रम शिकवतात: आधी विमान उडवत राहा, मग दिशा सांभाळा, मग बोला. बिघाडाकडे पाहणे त्यानंतर. पोर्टलंडच्या अपघातानंतर आणखी एक धडा प्रशिक्षणात आला. कनिष्ठाने शंका ठामपणे मांडावी आणि वरिष्ठाने ती ऐकावी. पुढे रुग्णालयांनीही हा धडा उचलला. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी चेकलिस्ट आणली. तीत पहिला छेद घेण्यापूर्वी क्षणभर थांबून सर्वांनी आपले नाव आणि काम सांगायचे असते. ज्याने एकदा तोंड उघडले आहे, त्याला ‘डॉक्टर, काहीतरी चुकतंय’ म्हणणे सोपे जाते.