स्थिरचक्र सायकल

नेहमींच्या सायकलच्या मागील चाकास फ्रीव्हील असतें. म्हणून उतारावर पाय स्वस्थ ठेवतां येतात. स्थिरचक्र सायकलला तें नसतें. दात्यांची चकती चाकाच्या तुंब्यावर पक्की बसविलेली असल्यामुळें चाक फिरतें तोंपर्यंत पायडलेंहि फिरतात. पुढें ४८ व मागें १६ दाते असले, तर पायडलाच्या एका फेऱ्यांत चाकाचे तीन फेरे होतात. पायांनीं उलट जोर दिला कीं वेग कमी होतो. पण तोच जोर चकतीचे आटे उलगडूं पाहतो. यास्तव तिच्यावर डाव्या आट्यांची कडी आवळतात. चकती ढिली होऊं लागतांच कडी अधिक घट्ट बसते.

जपानांत १९४८ सालीं सुरू झालेल्या केइरिन शर्यतींत अशा सायकली ब्रेकावांचून धांवतात. तेथें समोरून वाहन येत नाहीं. रस्त्यावर मात्र वेग आवरतांना भार पुढें सरकतो व हलकें झालेलें मागील चाक घसरतें. म्हणून श्रोत्यांनीं ध्यानीं ठेवावें: पुढील ब्रेक काढणें म्हणजे जिवाशीं खेळ होय.