झोपेची मर्यादा 45 डेसिबल

सकाळी 10.00
प्रदूषण नियंत्रणाचा क्षेत्र अधिकारी म्हणून माझा दिवस टपालाने सुरू होतो. आज इचलकरंजीतल्या एका गल्लीतला अर्ज आहे. घराला लागूनच यंत्रमागाचा कारखाना. ‘रात्रभर डोळा लागत नाही’ एवढंच लिहिलंय. तारीख नाही, वेळ नाही.

11.30
विकास आराखडा उघडतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे. औद्योगिक भागात दिवसा 75 आणि रात्री 70 डेसिबल. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45. रात्र म्हणजे 10 ते 6. गल्ली निवासी पट्ट्यात येते, तेव्हा मर्यादाही निवासी भागाचीच.

दुपारी 2.00
ध्वनिमापक 94 डेसिबलच्या प्रमाण आवाजावर तपासून घेतो. हे राहिलं तर पुढचा एकही आकडा सुनावणीत टिकत नाही.

3.30
घराबाहेर तिवई लावली, माईक जमिनीपासून दीड मीटरवर. भिंतीपलीकडे धोट्यांचे ठोके अखंड चालू. सरासरी 61. मर्यादेच्या वर आहे. पण नियमाप्रमाणे तक्रारीसाठी आवाज मर्यादेपेक्षा किमान 10 डेसिबल जास्त लागतो, म्हणजे दिवसा 65.

‘‘मग आमचं काही होणार नाही का, साहेब?’’ आजी विचारतात.

‘‘होईल, आजी. रात्री परत येतो.’’

सायंकाळी 5.00
कारखान्यात बोलायचं तर कानाशी ओरडावं लागतं. बारा-बारा तासांच्या पाळीत कामगारांच्या कानात फक्त कापसाचे बोळे. मालक म्हणतात, ‘‘माग आधीचे, घर नंतरचं.’’ त्यांची अडचण खरी आहे. मागावर अनेक घरं चालतात. पण आधी कोण आलं, हे नियम विचारत नाही.

रात्री 10.30
रस्ता शांत, रात्रपाळी सुरू. त्याच जागी 57. मालकांना विनंती करून माग थोडा वेळ थांबवले, तर 41. म्हणजे हा आवाज रहदारीचा नव्हे, मागांचाच. डेसिबलचं गणित साधं नाही: 45 वरून 57 म्हणजे ध्वनिऊर्जा जवळजवळ सोळापट. दुपारच्यापेक्षा आकडा लहान आहे, तरी रात्रीची 55 ची रेघ त्याने ओलांडली. आता तक्रार उभी राहते.

11.45
अहवाल लिहितो. नियमांखाली सक्षम प्राधिकारी लेखी आदेश देऊन असा आवाज रोखू शकतात. सोबत माझ्या सूचना: घराकडच्या खिडक्या विटांनी बंद करा, मागांखाली कंप शोषणारे पॅड बसवा, भिंतीलगतचे माग रात्री बंद ठेवा. यात कारखाना बंद पडत नाही आणि शेजाऱ्यालाही झोप मिळते.

वाचकांना कळकळीचं सांगणं आहे. अर्जात त्रासाची तारीख आणि वेळ लिहा, आणि मोजणी रात्रीच करण्याची मागणी करा. दिवसाच्या आकड्यावर रात्रीच्या त्रासाचा निकाल लावू देऊ नका.