मांजरीचे दात, भूल आणि निर्णय

मनी कोरडं खाणं तोंडात घ्यायची, मान एका बाजूला कलती करून एकदोनदा चावायची आणि दाणा खाली टाकायची. भूक होती; ओलं खाणं ती चाटूनपुसून संपवत होती. तोंडाला वास तर कित्येक महिने येत होता. मांजरीच्या तोंडाला वास यायचाच, असं आपण धरून चालतो. पण निरोगी मांजरीच्या तोंडाला सडका वास येत नाही. ओठ वर करून पाहिला तेव्हा वरच्या मोठ्या दाढेवर तपकिरी किटण आणि त्याला लागून हिरडीची लालभडक रेघ दिसली.

बुलढाणा जिल्ह्यात सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. तिथल्या डॉक्टरांचा दिवस कृत्रिम रेतन, लाळ्या-खुरकुताची लस, शेळ्यांचे आजार यांत जातो, आणि शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात तो तसाच जायला हवा. मांजरीचे दात साफ करायला आम्ही खामगावहून अकोल्याच्या एका खासगी दवाखान्यात गेलो. अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर. खरी धास्ती होती ती भुलेची. नऊ वर्षांच्या मांजरीला दातांसाठी बेशुद्ध करायचं?

‘भूल न देता खरवडून देतो,’ असंही एकाने सांगितलं होतं. ते मला पटलं नाही. किटण वर दिसतं, पण रोग हिरडीच्या आत असतो आणि जागी मांजर हिरडीखाली अवजार घालू देत नाही. दात वरून स्वच्छ दिसतो, आतली घाण तशीच राहते.

डॉक्टर म्हणाले, “ताई, आधी रक्त तपासू, मग ठरवू.” सगळा निर्णय या एका वाक्यात होता. ब्रिटनमध्ये 2002 ते 2004 या काळात झालेल्या मोठ्या अभ्यासात भूल दिलेल्या निरोगी मांजरींत मृत्यूचं प्रमाण हजारात सुमारे एक होतं. आजारी मांजरींत शंभरात एकाहून जास्त. आपली मांजर यांपैकी कुठे बसते, हे बाहेरून कळत नाही. वय झालेल्या मांजरीची मूत्रपिंडं आतल्या आत थकत जातात, ती मात्र खाते-पिते, खेळते. मनीचं क्रिएटिनिन ठीक आलं, छातीचे ठोके नियमित होते. मग मी होकार दिला.

मला काचेतून पाहायला मिळालं. पायात सलाईन, श्वासनलिकेत बारीक नळी, म्हणजे दात धुतल्याचं पाणी आणि किटणाचे कण फुप्फुसात जात नाहीत. जिभेला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, अंगाखाली गरम पाण्याच्या बाटल्या, कारण भुलेत मांजर झपाट्याने गार पडते. जबडा उघडा ठेवायला स्प्रिंगचा चिमटा नव्हता. सुईचं प्लास्टिकचं टोपण कापून सुळ्यांमध्ये बसवलं होतं. जबडा फार ताणला तर मांजरीच्या मेंदूकडे जाणारं रक्त दबतं आणि दृष्टीही जाऊ शकते, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. स्केलरने किटणाचा अख्खा पापुद्रा निघून ट्रेमध्ये पडला. मग त्यांनी बोथट सळई हिरडीच्या कडेने एकेका दाताभोवती फिरवली. खालच्या जबड्यातल्या सुळ्यामागच्या दाढेपाशी सळई टेकली आणि भुलेतही मनीचा जबडा थरथरला.

ती दाढ मुळाशी विरघळत चालली होती. मांजरींत हा आजार पुष्कळ आढळतो आणि नुसत्या सफाईने तो बरा होत नाही. एक्स-रेनंतर दाढ काढावी लागली. कोरडा दाणा तोंडातून पडत होता तो या दाढेमुळे. शेवटी पॉलिश केलं, कारण स्केलरने पडलेल्या बारीक चरांवर किटण पुन्हा लवकर चढतं.

संध्याकाळी ती शुद्धीवर आली, दुसऱ्या दिवशी मऊ खाऊ लागली. योग्य तपासण्या करून घेतलेला हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. तुमच्यावर ही वेळ आली तर डॉक्टरांना तीन गोष्टी नक्की विचारा: रक्त तपासणार का, नळी घालणार का, भूल चालू असताना मांजरीकडे लक्ष कोण ठेवणार. आणि तोवर दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामोलची गोळी तिला मुळीच देऊ नका. मांजरीसाठी ती विष आहे.