मेंदूच्या वेशीवर पहारा कोणाचा? आणि तो हटवला तर काय होतं?

रक्तातून मेंदूत शिरणं सोपं नसतं. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या भिंतीमधल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात, की बहुतेक जंतू आणि अनेक औषधंही बाहेरच राहतात. या तटबंदीला ‘रक्त-मेंदू अडथळा’ म्हणतात.

मग रोगप्रतिकारक पेशींचं काय?

मेंदूशी त्यांचा फारसा संबंध नाही, असा समज बराच काळ होता. प्रत्यक्षात मेंदूभोवतीच्या आवरणांमध्ये या पेशींचा कायम वावर असतो. रक्तातल्या काही टी-पेशीही गस्तीसाठी आत जातात. त्यांच्या अंगावर ‘इंटेग्रिन’ नावाचं प्रथिन असतं. त्याच्या आधारे त्या रक्तवाहिनीच्या भिंतीला धरतात आणि पलीकडे सरकतात.

गस्त घालणारेच उलटले तर?

मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात तेच होतं. मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण असतं, वायरवरच्या प्लॅस्टिकसारखं. या पेशी त्यालाच शत्रू समजून हल्ला करतात. मग नजर धूसर होते, हातपाय बधिर होतात, चालताना तोल जातो.

वाट अडवणारं औषध

इंटेग्रिनची पकडच सोडवली तर? १९९२ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगात ही युक्ती चालली. त्यातून नॅटालिझुमॅब हे औषध आलं. दोन वर्षांच्या चाचणीत आजार उफाळण्याचं प्रमाण सुमारे दोन तृतीयांशाने घटलं. नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली.

फेब्रुवारी २००५ मध्ये मात्र विक्री थांबवावी लागली. कारण होतं पीएमएल, मेंदूचा एक गंभीर संसर्ग. चाचण्यांमधल्या एकूण तिघांना तो झाला, त्यातले दोघे दगावले. हा संसर्ग करणारा जेसी विषाणू अनेक प्रौढांच्या शरीरात निपचित पडून असतो. पहारेकरी आत पोहोचेनात, तेव्हा त्याला रान मोकळं मिळालं.

औषध परत आलं, पण अटींवर

२००६ मध्ये कडक देखरेखीसह ते पुन्हा उपलब्ध झालं. आता जेसी विषाणूसाठी रक्ततपासणी आणि ठरावीक काळाने एमआरआय करून धोका तपासला जातो. हे औषध घेणाऱ्यांनी बोलण्यात, वागण्यात, दिसण्यात किंवा हालचालीत नवा बदल जाणवताच डॉक्टरांना कळवायचं असतं.

‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असे मेसेज रोज फिरतात. पण इथे प्रश्न ताकदीचा नाहीच. कोणती पेशी, कुठे आणि कोणावर चालून जाते, यावर सगळं ठरतं.