अठरा मिनिटांचे व्यासपीठ आणि वेशीबाहेरचा श्रोता

विद्यापीठाचे सभागृह, मंचावर गोल लाल गालिचा, मागे मोठी लाल अक्षरे आणि वक्त्याच्या समोर उलट्या क्रमाने धावणारे घड्याळ. एकाच दिवसात उद्योजक येतो, शल्यचिकित्सक येतो, नृत्यांगना येते, सनदी अधिकारी येतो, नोकरी सोडून शेतीकडे वळलेला अभियंताही येतो. प्रत्येकाला जास्तीत जास्त अठरा मिनिटे मिळतात. ‘टेडएक्स’ या नावाने ओळखला जाणारा हा सोहळा आता देशभरातील महाविद्यालये आणि विद्यापीठांत परिचयाचा झाला आहे. 2015 मध्ये अजिंक्य डी. वाय. पाटील विद्यापीठ स्थापन झाल्यापासून चऱ्होली बुद्रुक हे गावही या विद्यापीठीय जगाचा भाग बनले आहे. लोहगाव विमानतळ आणि आळंदी यांच्या मधोमध, इंद्रायणीच्या काठी वसलेल्या या गावात अशा व्यासपीठाचे प्रयोजन काय, ते चालते कसे आणि कोणासाठी, हे समजून घेणे त्यामुळे अप्रस्तुत ठरू नये.

‘टेड’ ही तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे आहेत : टेक्नॉलॉजी, एन्टरटेन्मेंट आणि डिझाइन. रिचर्ड सॉल वुर्मन आणि हॅरी मार्क्स यांनी 1984 मध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे पहिली परिषद भरविली. तिच्यात त्या काळी नवलाईची असलेली कॉम्पॅक्ट डिस्क दाखविण्यात आली, अ‍ॅपलच्या मॅकिंटॉश संगणकाचेही प्रात्यक्षिक झाले. तरीही परिषद तोट्यात गेली आणि दुसरी परिषद भरायला 1990 साल उजाडले. पुढे ती दरवर्षी होऊ लागली, पण तिचे स्वरूप निमंत्रितांच्या महागड्या मेळाव्याचेच राहिले. हे चित्र पालटले ते ख्रिस अँडरसन यांच्या प्रतिष्ठानाने 2001 मध्ये ही परिषद ताब्यात घेतल्यानंतर. जून 2006 मध्ये तिथली भाषणे इंटरनेटवर विनामूल्य ठेवण्यात आली आणि काही हजार डॉलर मोजून जे ऐकावे लागे, ते कोणालाही घरबसल्या ऐकता येऊ लागले.

2009 मध्ये याच्याही पुढचे पाऊल पडले. ‘टेड’चे नाव आणि साचा वापरून जगात कुठेही, स्थानिक मंडळींना आपापला कार्यक्रम करण्याची मुभा मिळाली. नावातील ‘एक्स’ हे अक्षर, कार्यक्रम स्वतंत्रपणे आयोजित केलेला आहे, हे सुचविते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये म्हैसूर येथील इन्फोसिसच्या संकुलात ‘टेड इंडिया’ परिषद झाली आणि भारतीय महाविद्यालयांत या प्रकाराची ओढ वाढली.

परवाना मिळतो, पण अटींसह. तो एका कार्यक्रमापुरता असतो. आयोजकाने मूळ ‘टेड’ परिषदेस हजेरी लावलेली नसेल, तर श्रोत्यांची संख्या शंभराच्या वर नेता येत नाही. वक्त्याला मानधन देता येत नाही. मंचावरून माल विकणे, राजकीय वा धार्मिक प्रचार करणे निषिद्ध आहे. प्रायोजक चालतात, पण त्यांना भाषणांत ढवळाढवळ करता येत नाही आणि मंचावर त्यांच्या नावाचा फलकही झळकत नाही. आपल्याकडील सभांमध्ये मंचावरच्या फलकावर विषयापेक्षा प्रायोजकांची नावे ठळक असतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला या शेवटच्या अटीचे मोल पटेल. सत्कार, हारतुरे, ‘प्रमुख पाहुण्यांचा परिचय’ आणि लांबलेले प्रास्ताविक यांनाही येथे थारा नाही. विद्यार्थ्यांना हा कार्यक्रम आवडतो, याचे निम्मे श्रेय बहुधा त्यालाच द्यावे लागेल.

अठरा मिनिटेच का, याचे आयोजकांकडून दिले जाणारे उत्तर सरळ आहे. गंभीर विषय मांडण्यास तेवढा वेळ पुरतो आणि श्रोत्याचे अवधानही तेवढाच काळ टिकते. पण या मर्यादेचा खरा परिणाम मंचावर नव्हे, तयारीत दिसतो. पाऊण तासाच्या व्याख्यानाला उभा राहणारा अनुभवी वक्ता टिपणाच्या आधारे बोलून जातो. अठरा मिनिटांत तसे जमत नाही. काय सांगायचे ते एका वाक्यात लिहा, बाकीचे गाळा, उदाहरण एकच घ्या पण ते जगलेले असू द्या, अशा सूचना वक्त्याला आठवडेच्या आठवडे आधीपासून मिळत राहतात. तालमी होतात. विद्यार्थी-आयोजक वयाने व मानाने मोठ्या असलेल्या वक्त्याला ‘सर, हा भाग वगळला तर बरे’ असे सांगायला शिकतात. वर्गात हे धाडस सहसा होत नाही.

एक कल्पना घ्यावी, तिच्याभोवती दृष्टान्त गुंफावेत आणि श्रोत्याला हळूहळू तिच्यापाशी आणून सोडावे, हे तंत्र चऱ्होलीला नवे नाही. गावाच्या हद्दीतील वडमुखवाडीत थोरल्या पादुकांचे मंदिर आहे. माउलींची पालखी आळंदीहून पुण्याकडे निघाली की तिचा पहिला विसावा येथे होतो. आळंदी तर नदीपलीकडे हाकेच्या अंतरावर. वारकरी कीर्तनकार एक अभंग निरूपणाला घेतो आणि दोन तास त्याच्या एकेका चरणाची उकल करतो. नारदीय परंपरेत पूर्वरंगात तत्त्व आणि उत्तररंगात आख्यान असते. फरक वेळेचा आहे, आणि कीर्तनाला तिकीट नसते हाही आहे. कीर्तनातही श्रोता प्रश्न विचारत नाही, हे मात्र प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. एकाने बोलावे आणि बाकीच्यांनी ऐकावे, ही रीत आपण काही अमेरिकेकडून घेतलेली नाही.

प्रश्न विचारण्याची परंपरा आपल्याकडे आली ती दुसऱ्या वाटेने. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने 1875 मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. वक्तृत्वोत्तेजक सभेची ही व्याख्यानमाला 21 एप्रिल ते 20 मे अशी महिनाभर चालते. धर्मसुधारणा, अर्थकारण, शेती, विज्ञान अशा विषयांवर नामवंतांनी बोलावे आणि सामान्य नागरिकाने ऐकावे, ही त्यामागची भूमिका. विविध क्षेत्रांतील वक्त्यांना एका मंचावर आणण्याचा हा प्रघात ‘टेड’च्या 109 वर्षे आधीचा आहे. पुढे गावोगावी व्याख्यानमाला निघाल्या. त्यांच्यातील अनेकांत भाषणानंतर प्रश्नोत्तरे होत आणि अध्यक्ष समारोप करताना वक्त्याशी मतभेदही नोंदवीत. अध्यक्षीय समारोप हा चेष्टेचा विषय झाला हे खरे, परंतु ऐकलेल्या विचारावर तिथेच, त्याच मंचावरून दुसरे मत मांडले जाण्याची ती जागा होती.

विद्यापीठाने आपल्या भिंतीबाहेर जावे, हा विचारही जुनाच आहे. केंब्रिज विद्यापीठाने 1873 मध्ये कामगार व स्त्रियांसाठी गावोगावी व्याख्याने देण्याचा उपक्रम आरंभिला. आपल्याकडे ‘बहिःशाल शिक्षण’ या नावाने तो रुजला. पुणे विद्यापीठाची स्थापना 1949 मध्ये झाली आणि डॉ. मुकुंदराव जयकर त्याचे पहिले कुलगुरू झाले. त्यांच्याच नावाची डॉ. बाबासाहेब जयकर व्याख्यानमाला विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळामार्फत संलग्न महाविद्यालयांतून चालविली जाते. तालुक्याच्या गावी ग्रामपंचायतीच्या पटांगणात वा देवळाच्या सभामंडपात होणारी ही व्याख्याने अनेक वाचकांना आठवत असतील. तिथे ध्वनिक्षेपक खरखरतो, वक्ता उशिरा येतो, समोर शाळकरी मुले आणून बसविलेली असतात. पण प्राध्यापक गावात येतो आणि गावाच्या भाषेत बोलतो.

नेमक्या या दोन गोष्टींत ‘टेडएक्स’ मागे पडते. प्रवेश नावनोंदणीने, पुष्कळदा तिकिटाने. आणि भाषा बहुतांशी इंग्रजी. त्यामागे कारणे आहेत. खासगी विद्यापीठांत देशाच्या विविध भागांतून विद्यार्थी येतात आणि इंग्रजी हीच त्यांची समान भाषा असते. भाषणाची चित्रफीत जगभर पाहिली जावी, ही इच्छाही असते. परंतु चऱ्होली हे काही रिकाम्या माळावरचे संकुल नव्हे. 1997 मध्ये हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत समाविष्ट झाले. त्यानंतर शेतजमिनी गेल्या, रस्ते आले, गृहसंकुले उभी राहिली. भोसरी, चाकणच्या कारखान्यांत पाळीवर जाणारा कामगार, जमीन विकून आता काय करावे या विचारात असलेला शेतकरी, इंद्रायणीला येणारा फेस वर्षानुवर्षे पाहणारे ग्रामस्थ हे सारे या परिसरात राहतात. नवउद्योजकता, शहरनियोजन वा नदीचे प्रदूषण यांवर सभागृहात जे बोलले जाते, ते यांच्याही आयुष्याविषयी असते. विषय त्यांचा आणि श्रोते दुसरे, अशी ही विभागणी आहे.

प्रश्नोत्तरांच्या अभावाची किंमत ‘टेड’ला स्वतःलाही मोजावी लागली आहे. सामाजिक मानसशास्त्रज्ञ एमी कडी यांनी 2012 मध्ये दिलेले भाषण हे सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या भाषणांपैकी एक. दोन मिनिटे ऐटबाज पवित्र्यात उभे राहिल्यास शरीरातील संप्रेरकांची पातळी बदलते आणि आत्मविश्वास वाढतो, असा त्याचा आशय. त्याचा आधार असलेला 2010 मधील प्रयोग 42 व्यक्तींवर केलेला होता. 2015 मध्ये 200 व्यक्तींवर तोच प्रयोग केला असता संप्रेरकांवर परिणाम दिसला नाही. व्यक्तीला आपण अधिक समर्थ आहोत असे वाटते, एवढेच आढळले. 2016 मध्ये मूळ संशोधनातील सहकारी डॅना कार्नी यांनी तर या परिणामावर आपला विश्वास राहिला नसल्याचे जाहीर केले. तोवर तो पवित्रा जगभरच्या मुलाखतींच्या प्रतीक्षाकक्षांत पोहोचला होता. स्थानिक कार्यक्रमांतूनही छद्मविज्ञान डोकावू लागल्याने डिसेंबर 2012 मध्ये ‘टेड’ने सर्व आयोजकांना पत्र पाठवून, विज्ञानाच्या नावाखाली काहीही खपवून घेऊ नका, वक्त्याचे दावे तपासा, असे बजावले होते. ही तपासणी करायची कोणी, तर विशीतल्या विद्यार्थ्यांनी. विद्यापीठात भौतिकशास्त्राचे, अर्थशास्त्राचे प्राध्यापक उपलब्ध असताना त्यांना वक्त्याची संहिता आधी दाखविण्याची पद्धत पडली, तर बरेच काही साधेल.

उलट बाजूही आहे. सुगता मित्रा यांना ‘टेड’चे दहा लाख डॉलरचे पारितोषिक 2013 मध्ये मिळाले. मुले एकमेकांच्या साह्याने, इंटरनेटवरून स्वतः शिकू शकतात, या त्यांच्या कल्पनेवर उभारलेल्या केंद्रांपैकी एक साताऱ्यातील फलटण येथे सुरू झाले. त्यांच्या निष्कर्षांवर शिक्षणतज्ज्ञांत मतभेद आहेत आणि ते असायलाच हवेत. पण मंचावरची कल्पना मराठी मुलांच्या वर्गापर्यंत आली, तिथे ती वापरून पाहता आली, हे महत्त्वाचे.

भाषेचा अडसर वाटतो तेवढा पक्का नाही. कार्यक्रम इंग्रजीतच झाला पाहिजे, अशी ‘टेडएक्स’ची अट नाही. डिसेंबर 2017 मध्ये शाहरुख खान यांच्या सूत्रसंचालनाखाली स्टार प्लस वाहिनीवर ‘टेड टॉक्स इंडिया नयी सोच’ ही मालिका हिंदीत प्रसारित झाली, ती मूळ संस्थेच्याच सहभागाने. दहा-बारा वक्त्यांत दोन-तीन मराठीत बोलणारे ठेवण्यास परवान्याची आडकाठी नाही. शंभर खुर्च्यांची मर्यादा असली, तरी कार्यक्रमानंतर त्याच वक्त्याला, लाल गालिचा आणि परवानाधारक नाव बाजूला ठेवून, गावातल्या शाळेत वा मंदिराच्या सभामंडपात तासभर बसविता येईल. तिथे घड्याळ नसेल आणि प्रश्न विचारता येतील.

शिवाय 2009 पासून ‘टेड’चा स्वयंसेवी अनुवाद उपक्रम सुरू आहे. त्यात मराठीचा समावेश असून ‘टेडएक्स’च्या भाषणांनाही उपशीर्षके देता येतात. एकजण अनुवाद करतो, दुसरा तो तपासतो, मग तो प्रसिद्ध होतो. मराठी येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गटाने मनावर घेतले, तर आपल्याच सभागृहात झालेली भाषणे मराठी अक्षरांसह आसपासच्या घरांतील मोबाइलवर पोहोचविता येतील.